पालखी कुठल्या दारी थांबते

आषाढी जवळ आली की आजोळच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. जाळीची टोपी घातलेला एक पोरगा वारकऱ्यांना पाणी देतोय. २०२३ साली तर आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, २९ जूनला. राज्यात ठिकठिकाणच्या मुस्लिम मंडळींनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं आपणहून ठरवलं. त्या आठवड्यात ग्रुपवर नुसता जोडलेल्या हातांचा पाऊस होता. मीही जोडले. खोटं कशाला बोलू, मला ते मनापासून आवडलं होतं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग होतो. हे काही कुणी काल-परवा फेसबुकसाठी सुरू केलेलं नाही.

यंदा तोच फोटो पुन्हा आला आणि खाली गावातल्या एका काकांनी लिहिलं, ‘सहिष्णुता आमच्या रक्तात आहे.’

एरवी मी अंगठा दाखवून पुढे गेले असते. पण हे काका २००८ च्या शिमग्यात आमच्या ग्रामदेवतेच्या पालखीच्या पुढच्या दांडीला होते, आणि त्या दिवशी मी मामाच्या अंगणात उभी होते. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, वेळ असेल तर वाचा.

गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि बाकीच्यांना स्वतःचंच गाव आठवेल. शिमग्यात पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवायच्या ओट्यावरून, उठते आणि घरोघर जाते. देव वर्षातून एकदा आपल्या दारी येतो, म्हणून मुंबईचे चाकरमानी एसटीच्या टपावर बसायची तयारी ठेवून गावी पोचतात. आमच्या पालखीच्या वाटेवर पिराची जागा आहे. तिथे पालखी टेकवतात, नारळ वाढवतात. मोहल्ल्यातले दोन-तीन म्हातारे आधीपासून येऊन थांबलेले असतात, ते हार घालतात. हे किती पिढ्यांचं आहे कुणाला ठाऊक नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या गावांत असंच असतं.

त्या वर्षी पालखी पिरापाशी थांबली. नारळ वाढवला. हार घातला गेला. मग खालूबाजा आमच्या वाडीकडे यायला लागला. मामीने पहाटेच अंगण सारवून ठेवलं होतं, रांगोळी काढली होती, पाट मांडला होता. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. बाजा जवळ आला, निशाण दिसलं, आणि फणसापाशी येऊन पालखी खालच्या पायवाटेला वळली. कुणी काही बोललं नाही, कुणी मान वर करून बघितलंही नाही. बाजा तसाच वाजत होता. मामी ताट घेऊन उभी. मग तिने तो नारळ उचलून तुळशीपुढे ठेवला आणि म्हणाली, “लांबून दिसला तेवढा पुरे.”

कारण सांगते. वाडीतल्या एका घरचा मुलगा मुंबईत नोकरीला होता. त्याने बौद्ध मुलीशी लग्न केलं. गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, ते घर वाळीत टाकलं. मामाचं त्या घराशी जुनं येणंजाणं. तो मुंबईला जाऊन लग्नात जेवून आला. झालं! देवळाच्या सभामंडपात बैठक. पाच हजार दंड भरायचा आणि देवापुढे चूक झाली म्हणून सांगायचं. मामा तसा गरीब स्वभावाचा, बैठकीत कधी तोंड न उघडणारा. तो म्हणाला, “जेवलो त्यात चूक कसली?” वाळीत टाकण्याची गंमत (गंमतच म्हणायची) हीच असते, की ज्याला टाकलंय त्याच्याशी बोललं म्हणून दुसऱ्याला टाकतात. तो काटा असा फिरत राहतो, म्हणून तर सगळं गाव मुकाट बसतं.

मग गिरणीवाल्याने डबा ठेवून घेतला पण दळलं नाही. लावणीला एकमेकांच्या शेतावर जायची पद्धत होती, ती बंद. मामा तालुक्याहून मजूर आणायचा. मामीची सख्खी चुलत जाऊ विहिरीवर तिच्याशी बोलायची, पण चेहरा दुसरीकडे करून, जणू रहाटाशी बोलतेय. ह्याच काळात मोहल्ल्यातून ईदचा शीरखुर्मा गावात येत होता, आणि गावकीचे पंच तो आवडीने खात होते.

मला त्या काकांना खोटं पाडायचं नाहीये. गाव सहिष्णू आहेच. प्रश्न इतकाच, की कुणाच्या बाबतीत.

‘सहिष्णुता’ हा शब्द आपण भाषणात वापरतो. घरात कुणी वापरत नाही. घरात आपण म्हणतो ‘चालवून घ्या’, ‘त्यांच्यात चालतं’, ‘आमच्यात नाही चालत’. ह्या शेवटच्या दोन वाक्यांत सगळं आलं. ‘त्यांच्यात चालतं’ म्हणताना आपण किती उदार असतो बघा! त्यांच्यात मटण चालतं, त्यांच्यात मामेबहिणीशी लग्न चालतं (आमच्यातही चालतं म्हणा), आपल्याला काय करायचंय. आणि ‘आमच्यात नाही चालत’ म्हणताना आवाज बदलतो. दुसऱ्याचं वेगळेपण आपण सणासारखं साजरं करतो, कारण त्याने आपल्याला काही धोका नसतो. आपल्यातला एखादा वेगळा वागला की मात्र अख्खं घर हादरतं. आपली विविधता म्हणजे शेजारी-शेजारी बांधलेल्या वाड्या. दोन वाड्यांमधला रस्ता स्वच्छ आहे, त्यावर पालखीही जाते आणि ताबूतही. पण वाडीच्या आत काय चाललंय ते विचारायचं नाही, असा तो अलिखित करार आहे.

आणि हा करार एकट्या हिंदूंचा नाही. उलट ह्याबाबतीत आपलं सगळ्यांचं छान ऐक्य आहे. मुंबई राज्याने १९४९ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा ह्या मुस्लिम पंथाच्या धर्मगुरूंनी, सय्यदनांनी, त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द केला. म्हणणं असं, की धार्मिक कारणावरून कुणाला पंथाबाहेर काढणं हा त्या पंथाचा अंतर्गत कारभार आहे आणि घटनेच्या २६ व्या कलमाने त्याला संरक्षण आहे. विरोधातलं एकटं मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं होतं. त्यांचं म्हणणं, बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, मशीद नाही, कब्रस्तान नाही, मग हा कायदा अस्पृश्यता संपवणाऱ्या कलमाच्याच वाटेने जाणारा आहे. मला ते एकटं मत आज जास्त बरोबर वाटतं. तो निकाल फेरविचारासाठी घ्यावा म्हणून सुधारणावादी बोहरा १९८६ साली न्यायालयात गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायाधीशांनी तो विषय नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. सदतीस वर्षं. तेवढ्यात बहिष्कृत बापाचा बहिष्कृत नातू होतो.

वलसाडच्या एका पारशी बाईंनी विशेष विवाह कायद्याखाली हिंदू माणसाशी लग्न केलं. आईवडील गेले तर त्यांच्या अंत्यविधीला दोखम्यावर (पारशी मृतदेह ठेवतात त्या बुरुजावर) जाता यावं एवढंच त्यांचं मागणं होतं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलं, लग्नानंतर तुम्ही पारशी उरलाच नाहीत. पुढे सर्वोच्च न्यायालयात २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या अंजुमनने, म्हणजे पारशी समाजाच्या संस्थेने, परवानगी द्यायची तयारी दाखवली. पारशी म्हणजे आपल्याकडची सगळ्यात लाडकी, सगळ्यात निरुपद्रवी जमात. कुणाच्या अध्यात न मध्यात. तरी घरच्या मुलीला बापाच्या अंत्यविधीसाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं.

अजून एक गोष्ट मला खटकते. दुसऱ्याच्या घरातला बंडखोर सगळ्यांना फार आवडतो. आमच्याच जिल्ह्यातल्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला. फक्त सात. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आणि १९७७ साली, पंचेचाळिशीही पुरी व्हायच्या आत गेले. त्यांचं नाव आज सगळ्यात मोठ्याने कोण घेतं? ज्यांना स्वतःच्या घरातला दलवाई एक दिवस खपला नसता ते. दलवाई हिंदू जमातवादाबद्दलही तितकंच कडक बोलायचे, तेवढी पानं मात्र चिकटलेली राहतात. उलट बाजूने, दाभोलकरांच्या नावाने गळा काढणाऱ्या काहींना असगर अली इंजिनिअर कोण होते हे सांगावं लागतं. बोहरा धर्मसत्तेविरुद्ध बोलले म्हणून त्यांनी बहिष्कार भोगला, मार खाल्ला.

आणि पंढरपूर. चोखोबांचे अभंग सहाशे वर्षं टाळमृदंगात गायले गेले. समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. अभंग आत, माणूस बाहेर. ह्यात काही विसंगती आहे असं फार थोड्यांना वाटलं. साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं तेव्हा अस्पृश्यांना दार उघडलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर होतं आणि आम्ही विठोबाचं दार उघडावं की नाही ह्यावर भांडत होतो! दिंडीत जात विचारत नाहीत हे खरंय, मी स्वतः आळंदीपासून दोनदा चालले आहे. पण दिंडी पंधरा-वीस दिवसांची असते. घरी परतल्यावर मुलीचं स्थळ बघताना तोच माऊली-माऊली करणारा माणूस काय विचारतो ते आपण सगळ्यांनी ऐकलंय.

मग मर्यादा कुठे घालायची? इथे मी अडखळते, ते लपवत नाही. पंथाने आपला मंत्र कुठला, पुजारी कोण, उपास कधी हे ठरवावं. त्यात सरकारने नाक खुपसू नये. छोट्या समाजाला टिकून राहायचं तर काही शिस्त लागते, हेही मला समजतं. पण देवळाचा हात देवळाबाहेर येऊन विहिरीच्या रहाटापर्यंत, गिरणीपर्यंत, तिरडीच्या खांद्यापर्यंत पोचला की तो धर्माचा कारभार राहत नाही. ती दंडेली आहे. आणि माणसाला बाहेर पडायचं दार उघडं हवं. आज ते दारही पहाऱ्यात आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे, ती कचेरीत लावतात, म्हणजे ज्यांच्यापासून पळायचं त्यांनाच पत्ता. २०२२ च्या डिसेंबरात आपल्या राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समिती नेमली. ओरड झाल्यावर दोन दिवसांत त्यातलं ‘आंतरजातीय’ तेवढं काढलं. आंतरधर्मीय राहिलं.

इथवर माझं मलाच पटतं. पण पालखीचं काय? पालखी ही तर देवाचीच गोष्ट, सोळा आणे धार्मिक. मी आखलेल्या रेषेप्रमाणे ती कुणाच्या दारी न्यायची हे गावकीने ठरवायचं. गिरणीवाल्यावर केस करता येईल, पण देवाला समन्स काढता येतं का? नाशिकला २०१३ साली जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला बापानेच मारलं, तिथून जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी राहिली, आणि २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. देशातलं असं पहिलं राज्य. जुलै २०१७ पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. धार्मिक कार्यात भाग घ्यायला अडवणं हेसुद्धा त्यात गुन्हा आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मामीचं अंगण टाळणं गुन्हाच. मला त्याचा आनंद झाला होता. तरी पोलीस बंदोबस्तात आलेल्या पालखीची ओटी मामीने कशी भरली असती, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही. तिला देव हवा होता, आणि तो घेऊन येणारी चार माणसं हसतमुख हवी होती. दुसरी गोष्ट कुठल्या कलमात बसवायची?

मामा २०१५ साली गेला. खांद्याला मुंबईहून आम्ही भाचे-भाच्या आणि मोहल्ल्यातले दोघं. गावकीतलं कुणी नाही. मामाने तक्रार कधीच केली नाही, कायदा यायच्या आधीच गेला.

२०१८ च्या शिमग्यात गावकीकडून निरोप आला, की ह्या वर्षी पालखी तुमच्याकडे येईल. दंडाचं नाव नाही, माफीचं नाही, झालं-गेलं कशाचाच उल्लेख नाही. शेजारच्या गावात कुणावर तरी केस झाली होती असं नंतर कळलं. मामीने त्या दहा वर्षांत दर शिमग्याला अंगण सारवलं होतं, त्यामुळे तिला वेगळी तयारी काही करायची नव्हती. पालखी आली. फणसापाशी वळली नाही, सरळ वर आली. पाटावर टेकवली. मामीने ओटी भरली, डोकं टेकलं. पुढच्या दांडीला तेच काका होते, जरा म्हातारे झालेले. त्यांना तिने गूळपाणी दिलं. गाऱ्हाणं झालं. मग तिने अगदी सहज, पाण्याचा तांब्या परत घेताना विचारलं, “आता खाली त्यांच्याकडे जायची ना?”

ते घर म्हणजे ज्यांच्या लग्नात मामा जेवला होता ते. दारात ती सून उभी दिसत होती, लहान मुलीला कडेवर घेऊन.

काकांनी तांब्या दिला. कुणी काही बोललं नाही. बाजा सुरू झाला आणि पालखी आल्या वाटेने फणसापर्यंत गेली आणि सहाणेकडे वळली.