‘४० लाखांत पोर्शे टर्बो घरपोच’: या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

जळगाव, भुसावळ, धुळे, पार शिरपूर-शहाद्यापर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. लाल पोर्शेचा फोटो, मागे ते रुंद, पंखासारखं स्पॉइलर, आणि खाली मजकूर: १९७९ ची पोर्शे ९११ टर्बो, ४० लाखांत घरपोच. जुन्या गाडीला ड्यूटी माफ. इंजिन हवेवर थंड होतं, पाणी-रेडिएटर काही नाही, म्हणून खान्देशच्या उन्हाला सगळ्यात योग्य. चारच गिअर, कुणीही चालवेल. सोन्यापेक्षा चांगली गुंतवणूक. शेवटी टोकन पाठवायला नंबर.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग. तो उघडणं, सील बदलणं, परत बसवणं हा माझा धंदा. ही पोर्शे मला मनापासून आवडते. म्हणूनच तिचं नाव पुढे करून कुणी आपल्या लोकांचे पैसे उकळायला बघतंय, हे सहन होत नाही. केळीचे नाहीतर जमिनीचे पैसे हातात आलेली माणसं ‘भाऊ, घ्यायची का?’ म्हणून हा मेसेज मला पाठवताहेत. त्या सगळ्यांना हे एकच उत्तर.

‘जुन्या गाडीला ड्यूटी माफ.’ माफ नाही. लोकांचा गोंधळ होतो तो इथे. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर साधा नियम असा की ती तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टीअरिंग उजवीकडे हवं. व्हिंटेज गाड्यांना यातून सूट होती, पण ती १९५० च्या आधी बनलेल्या गाड्यांना. २०२५ मध्ये ही अट सैल झाली आणि पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी परवान्याशिवाय आणायची मोकळीक मिळाली. मोकळीक मिळाली ती परवान्यातून, करातून नाही. कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरून गाडी तिच्या मूळ किमतीच्या दुपटीहून महाग पडते. चांगल्या अवस्थेतली ही टर्बो बाहेरच्या बाजारात लाखभर डॉलरच्या आसपास, बऱ्याचदा त्याच्याही पुढे विकली जाते. म्हणजे जहाजात चढायच्या आधीच ४० लाखांचा आकडा मागे पडतो.

आणि मेसेजमधली गाडी १९७९ ची आहे. तिला पन्नास वर्षं २०२९ मध्ये पूर्ण होतील. ज्या सवलतीच्या नावावर ती विकली जातेय, त्या सवलतीत ती बसतच नाही.

आता कुणी म्हणेल, मग १९७५ ची बघू, ती तर पन्नाशीला पोचली. बघा, पण एक लक्षात ठेवा. पोर्शेने ९११ ची पूर्ण बॉडी जस्ताचा मुलामा देऊन बनवायला सुरुवात केली ती १९७६ च्या मॉडेलपासून. नियमात सगळ्यात आधी बसणाऱ्या गाड्याच गंज खाल्लेल्या निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. फोटोत रंग चकाकतो, खालचा पत्रा दिसत नाही.

‘हवेवर थंड होणारं इंजिन, खान्देशला योग्य.’ हा मुद्दा ऐकायला इतका सरळ वाटतो की जाणती माणसंही त्याला मान डोलावतात. म्हणून इथे जरा थांबू.

या गाडीचं कारखान्यातलं नाव ९३०. उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ॲम शर्यतींत आपल्या ९१७ या रेसिंग गाडीला टर्बो लावून पोर्शेने १९७२ आणि १९७३ गाजवलं, तीच विद्या रस्त्यावरच्या गाडीत आणली आणि १९७४ च्या पॅरिस मोटर शोमध्ये ती मांडली. सुरुवातीचं इंजिन ३ लिटरचं, २६० अश्वशक्तीचं. १९७८ च्या मॉडेलपासून ३.३ लिटर आणि ३०० अश्वशक्ती. रेडिएटर नाही हे खरं. एक मोठा पंखा सिलिंडरवर हवा मारतो, आणि उरलेली उष्णता ऑइल वाहून नेतं. म्हणून या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी आणि ऑइलचा कूलर वेगळा, पुढच्या मडगार्डात. पाणी नाही म्हणजे उष्णता नाही, असं होत नाही. पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. अजिंठा चौफुलीला ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की पंखा मंद, पुढच्या कूलरला वारा नाही, आणि मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांची.

खरी अडचण टर्बोची आहे. टर्बो हवा दाबतो आणि दाबली की हवा तापते. तापलेली हवा विरळ होते, ताकद घटते, आणि पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन ठोकायला लागतं. डिझेल ट्रकला ही भीती नाही. म्हणून ‘आमचा ट्रक सुरत-नागपूर रस्त्यावर भर उन्हात टर्बोवर पळतो, मग ही का नाही?’ हा हिशोब इथे लागू पडत नाही. ३ लिटरच्या गाडीत हवा थंड करायला इंटरकूलरच नव्हता. ३.३ मध्ये आला, तो इंजिनच्या डोक्यावर, मागच्या स्पॉइलरच्या जाळीखाली. फोटोत रुबाबदार दिसतं ते स्पॉइलर या कामासाठीही आहे. पण गाडी उभी असली की तो इंटरकूलरही इंजिनच्या धगीतच बसलेला. ठोकण्याचा आवाज ओळखून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे घेणारा सेन्सर या इंजिनात नाही. कारखान्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती पट दाबायची ते, सुरुवातीला ६.५ आणि नंतर ७ इतकं कमी ठेवलं, ते याच भीतीने.

त्यात आपलं पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाडीचं बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन पूर्ण मेकॅनिकल, बारीक फटींतून पेट्रोल वाटणारं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने शेडमध्ये उभी राहिली की आतले भाग गंजतात आणि जुने रबरी पाइप फुगतात. पाइप बदलता येतात. पेट्रोल वाटणाऱ्या त्या डिस्ट्रिब्युटरचं काम करणारा माणूस मात्र खान्देशात मला तरी माहीत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या ट्रकवाल्यांना सांगावी लागणार नाही. या टर्बोच्या बेअरिंगला फक्त ऑइलचा आधार आहे, पाण्याचा नाही. लांब पळवून आणल्यावर लगेच चावी बंद केली की ऑइल आत जळून शाफ्टला चिकटतं. दोन मिनिटं आयडलवर ठेवायची आणि मगच बंद करायची. ही सवय आपल्याकडे आहे, ती इथे कामाला येईल.

‘चारच गिअर, कुणीही चालवेल.’ चार गिअर सोपेपणासाठी नव्हते. इंजिनचा जोर पेलेल असा मजबूत गिअरबॉक्स हवा होता, म्हणून चार. पाचवा गिअर आला तो १९८९ मध्ये, या मॉडेलच्या शेवटच्या वर्षी. खालच्या आरपीएमला गाडी सुस्त वाटते. साडेतीन हजाराच्या पुढे टर्बो भरतो आणि ताकद एकदम येते. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेलं. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि मागची बाजू बाहेर फेकली जाते. कन्नड घाटात वळणावर समोरून एसटी आली की कुणाचाही पाय आपोआप वर येतो. या गाडीत नेमकं तेच करायचं नाही. ज्याने ही गाडी मोकळ्या जागेत, जाणकार माणूस शेजारी बसवून शिकली नाही, त्याने ती घाटात नेऊ नये. हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय.

‘सोन्यापेक्षा चांगली गुंतवणूक.’ हे जळगावच्या लोकांना सांगायची हिंमत झाली, याचंच मला वाईट वाटतं. सोन्याचा कस लागतो, भाव रोज छापून येतो, आणि सराफ बाजारात सकाळी नेलेलं सोनं दुपारपर्यंत पैसे होऊन परत येतं. या गाडीचा प्रत्येक नग वेगळा. इंजिन मूळचं आहे का, बॉडी मूळची आहे का, कागद सलग आहेत का, यावर भाव निम्म्याने बदलतो. हवेवर थंड होणाऱ्या पोर्शेंचे भाव गेल्या दशकात खूप चढले आणि मग काही वर्षं थंडावलेही. शिवाय भारतात आणल्यावर घेणारा कोण?

वापराचंही ऐका. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवलेल्या गाडीला वेगळी ‘व्हीए’ नंबरप्लेट मिळते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. ती गाडी रोज रस्त्यावर नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच.

राहिला फोटो. रुंद मडगार्ड आणि मोठं स्पॉइलर म्हणजे टर्बो, असं नाही. पोर्शेने स्वतःच १९८४ पासून साध्या ९११ वर टर्बोसारखी बॉडी विकली, आणि बाहेर गॅरेजांत अशा किती तयार झाल्या. १९७९ च्या खऱ्या टर्बोचा चॅसी नंबर ९३० ने सुरू होतो. साधी ९११ असेल तर तो ९११ ने सुरू होतो. १९८१ पासूनच्या सतरा अक्षरी नंबरात सातव्या-आठव्या जागी टर्बोला ९३, साध्याला ९१.

म्हणून टोकनच्या आधी विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: चॅसी नंबर, त्या नंबरावर कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र, आणि कस्टमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे गाडी आयात केल्याचा कागद. ‘गाडी कार्नेवर आलीय, बंदरात उभी आहे’ असं उत्तर मिळालं तर तिथेच थांबा. कार्ने म्हणजे गाडी तात्पुरती, ड्यूटी न भरता देशात आणायचा कागद. त्यावर आलेली गाडी पाहुणी असते. तिला सहा महिन्यांत देशाबाहेर जावं लागतं, आणि तोवर ती इथे कुणाला विकता येत नाही.