अब्राम त्या तुकड्यांमधून गेलाच नाही
बायबलमधल्या करारांवरच्या एका लेखात देवाशी केलेला करार म्हणजे 'दोन्ही बाजूंनी अटी पाळायच्या' असं म्हटलंय. सीनाय पर्वतावर मोशेमार्फत इस्राएल लोकांशी झालेल्या कराराला ते बऱ्यापैकी लागू पडतं. पण बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, म्हणजे उत्पत्तीचा, 15वा अध्याय एकदा सावकाश वाचा. अब्राम (म्हणजेच पुढचा अब्राहाम) तीन-तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका मधोमध चिरून अर्धे भाग समोरासमोर मांडतो. वरून झडप घालणारे पक्षी हाकलत बसतो. करार करणाऱ्यांनी अशा तुकड्यांमधून चालायचं, म्हणजे 'शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो' (बायबलच्याच यिर्मया या पुस्तकात, 34:18 मध्येही हेच आहे). हिब्रूत करार करत नाहीत, 'कापतात'!

आणि इथे? सूर्य मावळताना अब्रामला गाढ झोप लागते. तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण. अब्राम जातच नाही. शपथेचा सगळा भार देव एकटाच उचलतो.

आपल्याकडे करार म्हटलं की स्टॅम्प पेपर आणि दोन सह्या डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे घोटाळा होतो. मला मात्र चर्चमध्ये प्रभुभोजनात (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करायच्या विधीत) प्याला उचलून 'माझ्या रक्तात नवा करार' हे येशूचे शब्द म्हटले जातात तेव्हा दरवेळी ती अंधारातली मशालच आठवते.