क्रँक पुली म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा नव्हे

क्रँक पुली म्हणजे इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टने बसवलेली, बेल्ट फिरवणारी चाकी. ती काढण्या-बसवण्याबद्दल मेकॅनिकांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय: "क्रँक पुलीसाठी पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार), होल्डर (पुली फिरू न देणारं हत्यार) घेऊन पैसे घालवू नका. बोल्टला गोटी (सॉकेट) लावा, टॉमी (गोटीचा लांब दांडा) चेसीला टेकवा, सेल्फ (स्टार्टर) मारा, बोल्ट सुटतो. पुली दोन पहारींनी उचकटा. बसवताना हातोडीने ठोका, नाहीतर बोल्टनेच आत ओढा आणि गनने (इम्पॅक्ट गनने) आवळा." नवीन पोरं हे खरं मानून कामाला लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सेल्फ. पुलीच्या बाजूने बघताना इंजिन घड्याळाच्या काट्यांसारखं फिरत असेल, तरच ही युक्ती चालते. आपल्याकडे 1998 मध्ये आलेल्या पहिल्या होंडा सिटीचं डी सिरीज इंजिन उलटं फिरतं. तिथे सेल्फ मारला की बोल्ट सुटायच्या ऐवजी आणखी आवळतो. होंडाच्या बऱ्याच पुल्यांना मध्ये 50 मिलिमीटरचा षटकोनी खाचा असतो. होल्डर त्यात बसतो, गोटी त्याच्या मधून जाते. एकाने होल्डर धरायचा, दुसऱ्याने लांब टॉमीने सोडवायचं. जिथे असा खाचा नाही तिथे फ्लायव्हील लॉक, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक अडवणारं हत्यार, वापरा. चेन पाना (पुलीभोवती साखळी आवळणारा) अगदीच नाइलाज झाला तर, आणि तोही खाली जुना बेल्ट गुंडाळून, नाहीतर पुलीवरच्या बेल्टच्या खाचा चेपतात.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. फोर्डच्या चार सिलिंडरच्या अनेक ड्युरॅटेक इंजिनांत पुलीला की (शाफ्टवर पुली घसरू नये म्हणून लावायची खिट्टी) नसतेच. पुली आणि तिच्यामागचं टायमिंग स्प्रॉकेट (कॅमशाफ्टची चेन फिरवणारं दातेरी चाक), दोन्ही फक्त बोल्टच्या दाबावर धरलेली असतात. बोल्ट सैल झाला की टायमिंग, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ, मोकळं. तिथे आधी दोन्ही जागेवर धरणारी क्रँकची पिन आणि कॅमची पट्टी लावायची, मगच बोल्टला हात. परत बसवताना बोल्ट नवाच.

आता पहार. बऱ्याच पुल्या दोन तुकड्यांच्या असतात: आत हब, बाहेर जड कडं आणि दोघांत रबर. कड्यावर जोर दिला की रबर सुटतं. आमच्याकडे एक डिझेल गाडी बेल्ट ओरडतोय म्हणून आली होती. पुलीवर हबपासून कड्यापर्यंत खडूने एक सरळ रेघ ओढली आणि गाडी फिरवून आणली. परत बघितलं तर रेघेचे दोन तुकडे झालेले, कडं दोन बोटं पुढे सरकलेलं. कडेला पहारीचे व्रण स्पष्ट दिसत होते. हबवर ओरखडा पडला तर ऑइल सीलही गळायला लागतं.

पण पुलर घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. तीन पायांचा पुलर बाहेरच्या कड्याला अडकवला तर पहारीइतकंच नुकसान होतं. हबला आट्यांची भोकं असतील तर त्यात बोल्ट लावून ओढणारा पुलर घ्या, आणि त्याचं टोक क्रँकच्या आट्यांवर न टेकता मध्ये ठोकळा द्या. एक मात्र मान्य करतो: कित्येक छोट्या गाड्यांत बोल्ट काढला की पुली हाताने निघते. तिथे पुलर खरंच लागत नाही.

बसवताना हातोडीचा प्रत्येक घाव क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँक मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकतीवर) जातो. घट्ट बसणारी पुली बोल्टने ओढायला गेलात तर सुरुवातीला बोल्टचे दोन-तीनच आटे धरलेले असतात; ते गेले की क्रँकच गेला. त्यासाठी इन्स्टॉलर, म्हणजे पुली बसवायचं हत्यार, असतं: त्याचा रॉड क्रँकमध्ये खोलवर जातो, बेअरिंगवर नट फिरतो आणि पुली सरळ आत सरकते.

गन सोडवायला चालेल, गोटी मात्र इम्पॅक्टची आणि सहा कोनांची हवी. आवळायला टॉर्क पानाच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना. होंडाच्या के 24 ए इंजिनात हा बोल्ट 245 न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे एक मीटरच्या दांड्यावर साधारण 25 किलोचा जोर. काही इंजिनांत टॉर्क देऊन वर अंशात फिरवायचा असतो, आणि तो कोन गनने मोजता येत नाही. हे सगळं एकट्याला महाग पडत असेल तर आसपासच्या तीन-चार गॅरेजनी मिळून एक सेट घ्या. आम्ही तसाच घेतलाय.