पेल्यातला बर्फ, गाळणीतला बर्फ

परवा इंदूरच्या रामबागेत एका घरी काकांनी मोबाइलवर फिरत असलेला मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला: "ध्रुवावरच्या समुद्रातलं संशोधन म्हणजे पैशांचा चुराडा. पेल्यातला बर्फ वितळला म्हणून पाणी सांडतं का? उलट अंटार्क्टिकात बर्फ वाढतोय. बघायचंच तर उपग्रह आहेत. इंदूरचा समुद्राशी संबंध काय?"

आधी पेला. काकूंकडून स्टीलचा पेला मागून काठोकाठ भरला, बर्फ तरंगत ठेवला. वितळला, थेंब सांडला नाही. इथवर मेसेज खरा. मग तसाच भरलेला दुसरा पेला बशीत ठेवला, वर चहाची गाळणी आणि गाळणीत बर्फ. थोड्या वेळात बशीत पाणी साचलं. अंटार्क्टिकाचा बहुतेक बर्फ हा असा गाळणीतला, जमिनीवर बसलेला. तो सगळा वितळला तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. तसं उद्या होणार आहे असं कुणी म्हणत नाही. पण थ्वेट्स ही एकटी हिमनदी गेली तरी सुमारे ६५ सेंटिमीटर! आणि तिला वरचं ऊन नाही, खालून शिरणारं समुद्राचं पाणी पोखरतंय.

म्हणून नुसते उपग्रह पुरत नाहीत. त्यांना बर्फाची उंची नि पसारा दिसतो. शेकडो मीटर बर्फाखालचं पाणी किती गरम, किती खारट, हे दिसत नाही. त्यासाठी उपकरणं पाण्यातच सोडावी लागतात. आपल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर, कोंग्सफ्योर्ड नावाच्या खाडीत, 'इंडआर्क' हे पाण्याखालचं मोजमापाचं उपकरण सोडलं. ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीतही ते पाण्याखाली मोजत राहिलं.

अंटार्क्टिकात बर्फ वाढतोय हे २०१४ पर्यंत समुद्री बर्फापुरतं, म्हणजे समुद्राचंच पाणी गोठून तरंगणाऱ्या बर्फापुरतं, खरं होतं. २०१६ पासून तो घसरला आणि २०२३ च्या हिवाळ्यात उपग्रहांच्या नोंदींतला नीचांक लागला. मेसेज जुना आहे, एवढंच.

राहिलं इंदूर. आपल्या माळव्याचं सोयाबीन जूनच्या पावसावर पेरलं जातं. ते पावसाचे वारे मादागास्करच्या पूर्वेकडच्या उच्च दाबाच्या क्षेत्रातून निघतात, विषुववृत्त ओलांडतात, मग आपल्याकडे वळतात. त्याच हिंदी महासागराच्या तळाशी अंटार्क्टिकाजवळ बुडालेलं थंड पाणी पसरत येतं. माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जेवढा समुद्र शोषतात, त्यातला सुमारे ४० टक्के अंटार्क्टिकाभोवतालचा एकटा दक्षिणी महासागर घेतो. हे पोट किती भरलंय, हे तिथं जाऊन पाणी काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी भारताची पहिली खास मोहीम २००४ साली निघाली.