याला अर्थच नाही

आमच्या गाडीला यंदा मतदानाचं वय लागलं. इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही. इंजिन बिघडलं की खडखडतं, धूर सोडतं, तेल गाळतं. वायरिंगचा स्वभाव आतल्या गाठीचा. दुखतं एकीकडे, कण्हतं भलतीकडे.

भर दुपारी, सगळे दिवे बंद असताना मी ब्रेक दाबला आणि डॅशबोर्ड उजळला. पाय उचलला, विझला. पुन्हा दाबला, पुन्हा उजळला. मागून मुलीने विचारलं, "बाबा, हे आधीपासून होतं?"

मग सल्ले सुरू झाले. एकाच्या सांगण्यावरून बॅटरी बदलली, दुसऱ्याच्या सांगण्यावरून ब्रेकचा स्विच. तिसरा म्हणाला, "गाडीच बदल." त्याच्याशी मी हल्ली कामापुरतंच बोलतो.

शेवटी एका वायरमनने टेस्ट लॅम्प घेऊन डिकीत डोकं घातलं, बराच वेळ आत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, याला अर्थच नाही."

मी दुखावलो. म्हटलं, "अहो, असं कसं? अठरा वर्षं साथ दिलीय तिने. मुलगी लहानाची मोठी झाली हिच्यात." त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एका काळ्या वायरकडे बोट दाखवलं. "अर्थ, साहेब. अर्थिंग. बोल्ट गंजलाय."

बॅटरीतून वीज दिव्यापर्यंत वायरने जाते, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. दिव्याला त्या पत्र्याशी बोल्टने जोडणारी ती काळी वायर म्हणजे अर्थ. मागच्या बल्बमध्ये एकाच काचेत दोन तारा असतात, ब्रेकची 21 वॅटची आणि टेललाइटची 5 वॅटची. अर्थ मात्र दोघींत एकच. तो गंजला की ब्रेकची वीज परतीचं दार बंद बघून टेललाइटच्या तारेतून उलटी शिरते, आणि त्याच लाइनवर बसलेल्या डॅशबोर्डच्या दिव्यांतून पत्रा गाठते. त्याने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, पुन्हा आवळला. दहा मिनिटं! बदललेली बॅटरी आणि बदललेला स्विच माझ्याकडे बघत होते.

इथे मी थांबायला हवं होतं. मी मल्टिमीटर विकत घेतला.

तो घासलेला बोल्ट येईल त्याला दाखवण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी सेल्फ मारला तर नुसतं 'टक्'. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, माझी 10 वर आली होती. चार्ज केली, गाडी बंद ठेवून बॅटरी आणि तिची वायर यांच्यामध्ये मीटर जोडला. 0.05 अँपिअरच्या आत हवं तिथे 0.4! एकेक फ्यूज उपसत गेलो. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढताच आकडा पडला. 12 व्होल्टवर 0.4 म्हणजे 5 वॅटचा बल्ब. केबिनमधले सगळे विझलेले होते. उरला डिकीतला.

आता पंचाईत अशी की डिकी उघडली की तो दिवा लागतो, आणि तो लागायलाच हवा. लावल्यावर विझतो का, हे कोण बघणार?

मी आत शिरलो. स्टेपनीला मिठी मारून, गुडघे हनुवटीला लावून. बायकोने झाकण आपटलं, जरा जास्तच मनापासून. दिवा लख्ख चालू. माझ्या प्रदर्शनाच्या उघडझापीत त्याच्या स्विचची पट्टी वाकली होती.

"सापडलं!" मी ओरडलो. "उघड!"

"किल्ली?"

किल्ली माझ्या खिशात होती.

बाहेर थोडी कुजबुज झाली, बहुधा हसणंही. मग मुलीने ड्रायव्हर सीटशेजारचा खटका ओढला. तो खटका साध्या तारेवर चालतो, विजेचा त्याला स्पर्श नाही, त्यामुळे पहिल्या झटक्यात डिकी उघडली.

मी एकेक अवयव बाहेर काढत असताना मुलगी म्हणाली, "बाबा, फोनवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवला असता तर?"

मी तिला पक्कड आणायला पाठवलं.