जॅक रसेलला बॉलने दमवता येत नाही

जॅक रसेल टेरियर या जातीचं कुत्रं पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. जात छोटी, तेव्हा रोज अर्धा तास बॉल फेका, दमलं की शांत होतं. ट्रेनिंग सहा महिन्यांनंतर. ऐकलं नाही तर पाठीवर पाडून धरा. हाकेला येऊ लागलं की पट्टा सोडा. यातलं 'जात छोटी' एवढंच बरोबर आहे.

उंची खांद्यापर्यंत 25 ते 30 सेंटीमीटर, वजन पाच-सहा किलो. पण इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जॉन रसेल या पाद्र्याने हे टेरियर जोपासले ते कोल्हा बिळातून हुसकण्यासाठी. बिळात शिरायचं, भुंकायचं, आणि तेही मालकाच्या नजरेआड, स्वतःच्या अकलेने. तेव्हा उकरणं, भुंकणं आणि हलत्या वस्तूमागे सुटणं हे वाईट वळण नव्हे, मूळ काम आहे. मोठ्या, निरोगी कुत्र्याला दिवसातून दोन फेऱ्या मिळून किमान तासभर बाहेर काढा, आणि त्यात मनसोक्त हुंगू द्या.

बॉलचा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण कुत्रं दमलेलं दिसतं. दहा मिनिटांत तोच बॉल पुन्हा तुमच्या पायाशी असतो. रोजच्या धावण्याने दमसास वाढतो, म्हणजे पुढे अर्धा तासही पुरत नाही. आणि प्रत्येक फेकीला चढलेलं डोकं उतरायला उसंत मिळत नाही. वर गुडघ्यांचा प्रश्न. पळता पळता मागचा एक पाय उचलून दोन-तीन उड्या आणि मग जणू काही झालंच नाही असं चालणं, हे दिसलं तर गुडघ्याची वाटी सरकते का ते पशुवैद्याकडून तपासून घ्या. या जातीत तो त्रास आढळतो, आणि झेप घेऊन गर्रकन वळण्याने वाढतो.

बॉल बंद करायची गरज नाही. पाच-सहाच फेकी, जमिनीलगत. आधी कुत्र्याला बसवा, फेकलेला बॉल पूर्ण थांबेपर्यंत त्याला धरून ठेवा, मग सोडा. शेवटचा बॉल गवतात लपवून नाकाने शोधायला लावा.

त्याहून चांगला खेळ म्हणजे काठीला दोरी आणि टोकाला कापडाचा तुकडा. कापड जमिनीवरूनच फिरवा. हवेत नेलंत की उड्या सुरू. पंधरा-वीस सेकंदांनी 'सोड'. इथे बहुतेकांचं चुकतं: सोडत नाही म्हणून ते ओढतात, आणि टेरियरसाठी ओढाओढ हाच खेळ. हात मांडीला टेकून कापड अगदी निश्चल ठेवा. ते 'मेलं' की तोंड सुटतं. त्याच क्षणी खाऊ, आणि खेळ पुन्हा चालू. सोडल्याने खेळ संपत नाही हे एकदा कळलं की 'सोड' पक्कं होतं. लेझरचा ठिपका मात्र नकोच. तो कधीच तोंडात येत नाही, आणि काही कुत्र्यांना सावल्यांमागे धावायचा चाळा लागतो.

ट्रेनिंग सहा महिन्यांनंतर? पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं तो काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा. घरी आल्या दिवसापासून दोन-तीन मिनिटांचे धडे द्या, खाऊ अर्ध्या वाटाण्याएवढा, आणि तो दिवसाच्या खाण्यातून वजा करा. थांबायचं असतं ते उंच उड्यांसाठी, हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे अंदाजे वर्षभर.

पाठीवर पाडण्यामागे 'म्होरक्या'ची कल्पना आहे: कळपात इतरांना दाबतो तो म्होरक्या, म्हणून मालकानेही कुत्र्याला दाबावं. ती 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांतून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये दाखवून दिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. पाडलेलं कुत्रं एवढंच शिकतं, की तुमचा हात जवळ आला की चावावं.

आणि पट्टा. घरात हाकेला येणारं कुत्रं खार दिसली की बहिरं होतं. दहा मीटरची दोरी हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याला लावा, गळपट्ट्याला नाही. दोरी ताणली की झटका मानेला बसतो. 'ये' एकदाच म्हणा, आल्यावर खाऊ द्या आणि पुन्हा मोकळं करा, नाहीतर 'ये' म्हणजे मजा संपली असं समीकरण बसतं. पाठलाग सुरू झाल्यावर हाका मारू नका, शब्द वाया जातो. मोकळं सोडायचं ते कुंपणाच्या आतच, तेही कुंपणाचा तळ तपासून: जाळीची खालची कड आतल्या बाजूला वळवून मातीत पुरलेली हवी.