गणवेशाच्या नियमात मुलींसाठी पँटही असावी

माझी मुलगी यंदा सातवीत आहे. तिच्या शाळेत मंगळवारी आणि शनिवारी पीटीचा गणवेश असतो, म्हणजे मुलामुलींना सारखाच टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. उरलेले चार दिवस मुलांना फुल पँट आणि मुलींना गुडघ्याखाली दोन इंच येणारा, बॉक्स प्लेट्सचा स्कर्ट. आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो आणि शाळा नदीच्या पलीकडे आहे. मंगळवारी आणि शनिवारी ती सायकलने जाते, एरवी मी तिला दुचाकीवरून सोडते. हे असे का, हा प्रश्न मला पडायलाच दीड वर्ष लागले, याची मला आजही खंत वाटते. शेवटी विचारले तेव्हा तिने सहज सांगितले, "राजाराम पुलावर वारा असतो गं आई. स्कर्ट एका हाताने धरला की ब्रेक लावता येत नाही." तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात कपडे वाळत घालायचे दोन चिमटे का असतात, याचाही उलगडा मला त्याच दिवशी झाला. स्कर्टचा घेर दोन्ही बाजूंनी चिमट्यांत पकडून तिने काही दिवस सायकल चालवून पाहिली होती, आणि चिमटे निसटतात हे कळल्यावर कोणाशीही न बोलता तो नाद सोडून दिला होता.

त्यानंतर १ ऑगस्टला, लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी, मी शाळेत गेले होते. मैदानावर पेव्हर ब्लॉकवर मुले एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. मुलांनी ऐसपैस मांडी घातली होती. मुलींपैकी एकीनेही मांडी घातलेली नव्हती. सगळ्या जणी दोन्ही पाय एका बाजूला मुडपून, एक हात जमिनीवर टेकवून आणि दुसऱ्या हाताने स्कर्टची कड गुडघ्यावर दाबून बसल्या होत्या. कार्यक्रम पाऊण तास चालला. दर पाच-सात मिनिटांनी कोणीतरी पायांची बाजू बदलायची, आणि ती बदलताना आधी कड सावरायची, मग शरीर हलवायचे. भाषण ऐकण्यासाठी जे लक्ष द्यायचे, त्यातला एक वाटा त्या मुली पाऊणतास कपड्याला देत होत्या. पहिलीपासून "नीट बस" हे दोन शब्द ऐकून त्यांना हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वेगळे आहे, असे त्यांनाही वाटत नाही. मीही माझ्या शाळेत अशीच बसत होते. आमच्या वर्गशिक्षिका फूटपट्टीने स्कर्टची लांबी मोजत, तीही मी निमूटपणे मोजून घेतली होती.

मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर आहे. ऑगस्टच्या बैठकीत मी हा विषय मांडला: स्कर्ट असू द्या, तो काढून टाका असे माझे म्हणणे नाही, पण त्याच रंगाची आणि त्याच कापडाची पँट घालण्याची मुभा मुलींनाही असावी. याला जे आक्षेप आले ते मी सविस्तर लिहिते, कारण आक्षेप घेणारी माणसे वाईट नाहीत आणि त्यांच्याशी वाद न घालता बोलता येईल, असे मला मनापासून वाटते.

पहिला आक्षेप शिस्तीचा होता. गणवेशाचा अर्थच सारखेपणा, त्यात पर्याय आले की गणवेश उरत नाही, असे सांगण्यात आले. मला गणवेश मान्य आहे, किंबहुना मी त्याची समर्थक आहे. कोणाच्या घरी काय परवडते हे वर्गात कपड्यांवरून कळू नये, हे त्यामागचे कारण मला फार मोलाचे वाटते. परंतु हे कारण कापड, रंग आणि शाळेचे चिन्ह सारखे ठेवल्याने पूर्ण होते. कमरेखालच्या कपड्याला दोन पाय आहेत की घेर आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिवाय आमच्याच शाळेत आठवड्यातले दोन दिवस सगळ्या मुली ट्रॅक पँटमध्ये येतात, त्या दिवशी प्रार्थना होते, तास होतात, घटक चाचण्यासुद्धा होतात, आणि शिस्त बिघडल्याचे एकाही शिक्षकाने आजवर सांगितलेले नाही. उलट त्या दोन दिवशी मधल्या सुट्टीत मैदानावर मुली जास्त दिसतात. मी सलग तीन आठवडे सायकल स्टँडही पाहिला; मंगळवारी आणि शनिवारी तिथे मुलींच्या सायकली चटकन नजरेत भरतील इतक्या वाढलेल्या असतात. शाळा सुटल्यावर खो-खो खेळायला थांबणाऱ्या मुली शॉर्ट्स आणतात आणि बदलून खेळतात. म्हणजे ज्यांची संघात निवड झाली त्यांचा प्रश्न सुटतो, पण मधल्या सुट्टीत ज्यांना नुसते पळायचे असते त्यांचा सुटत नाही.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा होता. समितीतले एक गृहस्थ अतिशय सौम्यपणे म्हणाले, "ताई, पँट हा काही आपल्या मुलींचा पोशाख नाही." मला त्या क्षणी माझी आजी आठवली. आजीचे माहेर आणि सासर दोन्ही मुळशी तालुक्यातले, भाताच्या खाचरांचे. लावणीच्या दिवसांत ती नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून आवण, म्हणजे भाताची रोपे, लावायची. लुगड्याचा सोगा दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचला की दोन्ही पाय वेगळे आणि मोकळे होतात. त्या नेसण्यात बाई उकिडवी बसू शकते, झाडावर चढू शकते, घोड्यावर मांड टाकू शकते. याला सकच्छ नेसणे म्हणतात, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या प्रौढ बाईचे रीतसर नेसणे तेच होते. पाचवारी गोल पातळ नंतर आले. आजी सांगायची की तिच्या तरुणपणी गोल पातळ नेसणाऱ्या सुनेकडेच म्हाताऱ्या बायका नापसंतीने पाहत. तेव्हा परंपरा कोणती आणि परके काय, याचा विचार करायचा तर तो नीट करू. पिनो, म्हणजे शर्टावर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक, आणि प्लेट्सचा स्कर्ट इंग्रजी शाळांच्या धर्तीवर आपल्याकडे आले, रुळले आणि आपले झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन पायांचा मोकळा कपडा मराठी बाईला परका आहे, हे विधान आपल्या आज्या-पणज्यांच्या आयुष्याशी जुळत नाही.

आठवीपासून अनेक शाळांत मुलींना सलवार-कमीज असते, त्यावर ओढणी किंवा जाकीट. सलवारीने पायांचा प्रश्न सुटतो हे खरे. ओढणी मात्र दोन खांद्यांवर पिना लावून सांभाळावी लागते आणि ती दुचाकीच्या किंवा सायकलच्या चाकात अडकण्याचा धोका असतो, म्हणून ज्या शाळांनी तिच्याऐवजी जाकीट आणले त्यांनी चांगलेच केले. पण पहिली ते सातवीच्या मुलींचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि पळण्या-पडण्याचे, झाडावर चढण्याचे वय तर नेमके तेच असते.

केरळमध्ये हा प्रयोग होऊन गेला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू आपल्याला उपयोगी पडतील अशा आहेत. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुलामुलींना सारखाच शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी थ्री-फोर्थ पँट ठरवली. लहान मुलांनी तो बदल आनंदाने स्वीकारला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या बालुशेरीच्या मुलींच्या उच्च माध्यमिक सरकारी शाळेत अकरावीच्या वर्गासाठी शर्ट-पँट आली, तेव्हा काही संघटनांनी रस्त्यावर येऊन विरोध केला आणि मुलांचे कपडे मुलींवर लादले जात असल्याचे म्हटले. पुढच्या वर्षी राज्य सरकारला स्पष्ट करावे लागले की असा गणवेश सगळ्या शाळांवर लादण्याचा त्यांचा विचार नाही. यातून मी इतकेच घेते की सक्तीचा कपडा बदलून त्या जागी दुसरा सक्तीचा कपडा आणू नये. माझ्या मुलीच्याच वर्गातल्या एका मैत्रिणीला स्कर्टच आवडतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात तो हवेशीर वाटतो, असे ती म्हणते, आणि तिचे म्हणणे मला पटते. तिला पँट घालायला लावणे हाही अन्यायच ठरेल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या शाळेसाठी साडेसहाला घराबाहेर पडताना पारा दहा अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तीच मुलगी कदाचित पँट मागेल. पाळीच्या दिवसांत कोणाला काय सोयीचे वाटेल, हेही बाहेरच्या कोणी ठरवू नये. हा निर्णय त्या त्या मुलीने सकाळी कपाट उघडल्यावर घ्यावा, इतका साधा असावा.

एक गोष्ट मला आवर्जून लिहायची आहे, कारण ती माझ्या बाजूच्या लोकांकडून आली. बैठकीनंतर दोन आयांनी मला पाठिंबा दिला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचे, आजकालचे दिवस पाहता मुली पँटमध्ये सुरक्षित राहतील." त्यांच्या काळजीमागचे प्रेम मला समजते, तरीही हे कारण मला नको आहे. छेड काढणारा कपडे पाहून थांबत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकीला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक आहे. पँट सुरक्षिततेसाठी द्यायची म्हटले की उद्या स्कर्ट घालणाऱ्या मुलीला काही झाल्यास पहिला प्रश्न तिच्याच कपड्यांवर येईल. मुलीला पँट हवी कारण तिला मांडी घालून बसायचे आहे, सायकल चालवायची आहे, पायऱ्या दोन-दोन करून चढायच्या आहेत. एवढी कारणे पुरेशी आहेत.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका शाळेने मुलींना स्कर्टची सक्ती केली होती आणि स्त्री ही नाजूक असते, पुरुषांनी तिला जपावे, अशी तिच्या संस्थापकांची त्यामागची भूमिका होती. २०२२ मध्ये तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने ही सक्ती समानतेच्या घटनात्मक हक्काविरुद्ध ठरवली. ही भूमिका आपल्याकडे कोणी इतक्या उघडपणे बोलून दाखवत नाही, पण "मुली स्कर्टमध्ये किती गोड दिसतात" या वाक्यात तिची सावली असते. गोड दिसणे हा शाळेत जाण्याचा हेतू नाही. आपल्या घरापासून काही किलोमीटरवर, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. पुण्याच्या चौकाचौकांत वाहतूक सांभाळणाऱ्या महिला पोलीस पँटमध्येच उभ्या असतात. मोठेपणी ज्या कपड्यात त्यांचा आपल्याला अभिमान वाटतो, तो बाराव्या वर्षी नियमाबाहेर का असावा?

खर्चाचा मुद्दा मी टाळत नाही. दोन प्रकार ठेवले तर दुकानदाराला माल जास्त भरावा लागेल, हे रविवार पेठेतल्या आमच्या गणवेशवाल्यांनी मला सांगितले. मात्र मुलांच्या पँटचे कापड त्यांच्याकडे असतेच आणि फक्त कमरेचे माप वेगळे धरावे लागेल, हेही त्यांनीच सांगितले. खाली तीन इंच दाब आणि कमरेला मार्जिन ठेवले की पँट दोन वर्षे निघते, असा त्यांचा हिशेब आहे. प्लेट्सच्या स्कर्टला रोज इस्त्री लागते, ती घरातल्या कोणत्या व्यक्तीला करावी लागते हे वेगळे सांगायला नको.

राज्याने २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' योजना राबवली. गणवेश उशिरा पोहोचले, मापाच्या आणि शिलाईच्या तक्रारी आल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवला गेला. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समित्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे झेडपीच्या आणि महापालिकेच्या शाळांत हा बदल घडवणारी माणसे मंत्रालयात बसलेली नाहीत, ती गावातल्या आणि वस्तीतल्या आयाच आहेत. खासगी शाळांत आमच्यासारखा पालक-शिक्षक संघ असतो. कायदा बदलण्याची किंवा मोर्चा काढण्याची गरज नाही. शाळेच्या माहितीपुस्तिकेतल्या एका ओळीत बदल करायचा आहे.

ती ओळ मी लिहून ठेवली आहे आणि येत्या शनिवारच्या बैठकीत ठेवणार आहे. मूळ मसुद्यात मी "पालकांच्या लेखी अर्जावर मुख्याध्यापिकांच्या परवानगीने मुलींना पँट घालता येईल" असे लिहिले होते, कारण तसे केल्यास समिती लवकर मान्य करेल असा माझा अंदाज होता. मुलीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अर्ज करायचा असेल तर कोणीच नाही करणार. मग ज्या एक-दोघी करतील, त्यांच्याकडे सगळे बघत बसतील." मी अर्जाचा आणि परवानगीचा भाग काढून टाकला. आता ती ओळ अशी आहे: प्रत्येक विद्यार्थिनीने शाळेने ठरवलेल्या रंगाचा व कापडाचा स्कर्ट किंवा फुल पँट, यांपैकी तिला हवे ते, कोणत्याही दिवशी घालावे.